सकाळी आठचं लग्न

लग्नसराई आली की आमच्या तालुक्याच्या गावात एकही हॉल रिकामा मिळत नाही. बुकिंग वर्षभर आधी. मग केटरर, घोडा, डीजे, मेंदीवाली, आणि हल्ली तर लग्नाआधीच्या फोटोंसाठीही वेगळा माणूस! कर्ज काढून हे सगळं करणारे आईबाप मी कामाच्या निमित्ताने रोज बघते. अशा दिवसांत मला हमखास एक लग्न आठवतं. बी.ए.ला असताना पुस्तकातून भेटलेलं. ते लागलं २९ जून १८५४ रोजी, गुरुवारी, सकाळी आठ वाजता, इंग्लंडमधल्या यॉर्कशर परगण्यात, हॉवर्थ नावाच्या डोंगरावरच्या गावात. नवरीचं वय ३८. वऱ्हाडी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. आणि नवरीचे वडील त्याच गावच्या चर्चचे धर्मगुरू, चर्चच्या शेजारीच राहणारे, तरीही लग्नाला न आलेले.

ही नवरी म्हणजे ‘जेन आयर’ कादंबरी लिहिणारी शार्लट ब्राँटे.

‘जेन आयर’ तुमच्यापैकी कुणी अभ्यासाला वाचली असेल, कुणी सिनेमा पाहिला असेल. अनाथ, रूपाने साधी, खिशात पैसा नसलेली पण स्वाभिमान न सोडणारी जेन. गंमत बघा, त्या कादंबरीत चर्चमधलं एक लग्न आहे. नातेवाईक नाहीत, करवल्या नाहीत, नुसते नवरानवरी चर्चमध्ये शिरतात आणि ऐन वेळी ते लग्न मोडतं. शेवटी जेव्हा खरं लग्न लागतं तेव्हाही हजर कोण, तर धर्मगुरू आणि चर्चचा कारकून. हे लिहिलं तेव्हा शार्लट तिशीत होती, आणि स्वतःचं लग्न होईल असं तिला वाटतही नव्हतं. तिच्या पत्रांतून ते स्पष्ट दिसतं. आपण रूपाने साध्या, अंगाने अगदी लहानखुऱ्या, हुंडा द्यायला पैसा नाही, हे तिने लवकरच मनाशी धरलं होतं.

तिचं लहानपण सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. जन्म २१ एप्रिल १८१६ चा, सहा भावंडांत तिसरी. वडील पॅट्रिक ब्राँटे मूळचे आयर्लंडचे, अगदी गरीब शेतकरी घरातले. स्वतःच्या हिमतीवर केंब्रिजपर्यंत शिकले आणि धर्मगुरू झाले. १८२० साली त्यांना हॉवर्थची जागा मिळाली. राहायला दगडी घर, दोन बाजूंना कबरस्तान, मागे ओसाड माळरान आणि त्यावरून घोंघावणारा वारा. दुसऱ्याच वर्षी आई गेली. मावशी येऊन राहिली, तिनेच पोरं वाढवली. १८२४ साली चार मुलींना धर्मगुरूंच्या मुलींसाठी असलेल्या एका स्वस्त निवासी शाळेत घातलं. तिथली थंडी, अर्धपोटी जेवण आणि आजारपण यांनी थोरल्या दोघी खंगल्या आणि १८२५ च्या मे-जूनमध्ये, एका महिन्याच्या अंतराने, क्षयाने गेल्या. शार्लट नऊ वर्षांची असताना घरातली सगळ्यात मोठी मुलगी झाली. आपल्याकडे अशी मुलगी पाहिली की बायका म्हणतात, पोरीचं बालपण गेलं. तसंच.

पुढे पंधराव्या वर्षी ती रो हेड नावाच्या शाळेत गेली. ती चालवणाऱ्या मार्गारेट वूलर यांना मी आपल्या पद्धतीने वूलरबाई म्हणते. त्या अविवाहित, शांत आणि मायाळू. तिथेच एलन नसी नावाची मैत्रीण भेटली, ती जन्माची. या दोघी लक्षात ठेवा, लग्नात पुन्हा भेटणार आहेत.

मग मास्तरीण, मग परक्या घरात मुलांना शिकवणारी गव्हर्नेस, मग १८४२ साली शिकायला ब्रसेल्स. तिथल्या शाळेचे शिक्षक एजे हे विवाहित गृहस्थ, आणि शार्लटचं मन नेमकं त्यांच्यात गुंतलं. घरी परतल्यावर तिने त्यांना पत्रांवर पत्रं लिहिली, उत्तर यायचं थांबलं. ते दुःख तिने गिळलं आणि कामाला लागली. १८४६ मध्ये तिघी बहिणींनी स्वतःच्या पैशाने कवितांचं पुस्तक काढलं, पुरुषी वाटावीत अशी टोपणनावं घेऊन. करर बेल म्हणजे शार्लट, एलिस म्हणजे एमिली, अ‍ॅक्टन म्हणजे अ‍ॅन. विकल्या गेल्या दोन प्रती! पण १८४७ च्या ऑक्टोबरमध्ये ‘जेन आयर’ आली आणि लंडनभर करर बेल कोण, याचीच चर्चा.

कीर्ती आली तेव्हाच घर रिकामं होऊ लागलं. सप्टेंबर १८४८ मध्ये दारूच्या आहारी गेलेला एकुलता एक भाऊ ब्रॅनवेल गेला. डिसेंबरमध्ये एमिली. मे १८४९ मध्ये अ‍ॅन. आठ महिन्यांत तीन मृत्यू. पूर्वी रात्री तिघी बहिणी जेवणाच्या टेबलाभोवती फेऱ्या मारत आपापल्या गोष्टींवर बोलायच्या. आता त्याच खोलीत शार्लट एकटी फेऱ्या मारायची. घरात म्हातारे वडील, दोन नोकर बायका आणि ती.

तिला मागण्या आल्याच नव्हत्या असं नाही हं. १८३९ सालीच दोन आल्या. एक एलनच्या भावाची. तो धर्मगुरू होता, संसाराला योग्य बाई शोधत होता आणि त्याच हिशेबाने त्याने पत्र पाठवलं. तिने विचार करून नकार दिला. दुसरा एक तरुण आयरिश क्युरेट, एकदाच भेटला आणि लगेच मागणी घालून मोकळा झाला. तिसरी मागणी तिच्या प्रकाशन संस्थेतल्या जेम्स टेलर यांच्याकडून, १८५१ मध्ये. हे टेलर संस्थेच्या कामासाठी त्याच वर्षी आपल्या मुंबईला निघाले होते. म्हणजे होकार दिला असता तर ‘जेन आयर’ची लेखिका मुंबईकर झाली असती की! पण माणूस जवळ आला की तिला आतून आक्रसल्यासारखं व्हायचं, तिने तसं एलनला लिहूनही टाकलं. पस्तिशीच्या बाईने चांगलं कमावतं स्थळ नाकारायचं, तेही दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी, एवढ्या कारणावरून! मला तरी हे कारण पुरेसं वाटतं.

आता येतात आर्थर बेल निकोल्स. १८४५ च्या मे महिन्यात ते हॉवर्थला क्युरेट म्हणून आले. क्युरेट म्हणजे मुख्य धर्मगुरूच्या हाताखालचा मदतनीस. हेही आयर्लंडचेच. वर्षाला जेमतेम शंभर पौंडांच्या आसपास पगार. उंच, काळीभोर दाढी, मितभाषी आणि काहीसे ताठर. आठ वर्षं ते गावात शाळेत शिकवत, गरिबांच्या घरी जात, पॅट्रिक यांची नजर अधू झाल्यावर चर्चचं बरंचसं काम ओढत राहिले. ब्राँटे कुटुंबातल्या एकामागून एक अंत्यविधींनाही ते होते. एमिली गेल्यावर तिचे अंत्यसंस्कार त्यांनीच केले. शार्लटकडे बघून या माणसाच्या मनात काय चाललंय याची पुसट शंका तिला होती, पण तिने तिकडे कानाडोळा केला.

१३ डिसेंबर १८५२ ची संध्याकाळ. पॅट्रिक यांच्याबरोबर चहा घेऊन निकोल्स निघाले, पण बाहेरच्या दाराऐवजी शार्लटच्या खोलीच्या दारावर टकटक झाली. तो दगडासारखा माणूस नखशिखांत थरथरत उभा होता. आवाज फुटत नव्हता. कसंबसं त्याने मनातलं सांगितलं. तिने, उद्या उत्तर देते म्हणून त्याला जवळजवळ हाताला धरून बाहेर काढलं आणि वडिलांकडे गेली.

वडिलांचा संताप अनावर झाला. कपाळावरच्या शिरा फुगल्या, डोळे लाल झाले. त्यांना आधी एकदा झटका येऊन गेलेला, तिला भीती वाटली की इथेच काहीतरी होतंय. तिने लगेच वचन दिलं, उद्या नकार कळवते. आणि कळवला.

मैत्रिणींनो, इथे मी दरवेळी थांबते. ही बाई कोण? जिचं पुस्तक विलायतेतली मोठी माणसं वाचतात, एकेका कादंबरीचे जिला पाचशे पौंड मिळतात, जिचं वय ३६ आहे. आणि तिच्या लग्नाचा नकार वडिलांच्या कपाळाच्या शिरा ठरवतात. आपल्या ओळखीचंच वाटतं ना? घरात कुणी आजारी म्हातारं माणूस असलं की सगळे निर्णय त्याच्या रक्तदाबाभोवती फिरतात.

वडिलांचं म्हणणं काय होतं? हा दरिद्री क्युरेट, आणि आपली मुलगी नामवंत. म्हणजे घराण्याला कमीपणा. पण खुद्द पॅट्रिक यांनी १८१२ मध्ये लग्न केलं तेव्हा तेही गरीब आयरिश धर्मगुरूच होते, आणि वर्षाला पन्नास पौंडांचं स्वतःचं उत्पन्न बायकोकडे होतं! जावयात बहुधा त्यांना स्वतःचाच भूतकाळ दिसत असावा. दुसरं कारण बोललं गेलं नाही पण ते उघड आहे. बायको आणि पाच मुलं मातीत घातलेला, पंचाहत्तरीचा, डोळ्याने अधू म्हातारा. उरलेलं एकच लेकरू. ते गेलं तर आपलं कसं? वाईट माणूस नव्हता तो. पण चांगल्या माणसांची भीतीही मुलींना बांधून ठेवायला पुरेशी असते.

गंमत म्हणजे, त्या भडक्यानेच शार्लटचं मन निकोल्सकडे थोडं वळलं. प्रेम नव्हतं, ती तसं म्हणतही नाही. पण वडील त्या माणसाबद्दल जे कठोर बोलत होते त्यातला अन्याय तिला सहन होईना. निकोल्स जेवेनासे झाले. परदेशी मिशनमध्ये ऑस्ट्रेलियाला जाण्याचा अर्ज केला, मग मागे घेतला. १८५३ च्या मे महिन्यात एका रविवारी चर्चमध्ये प्रसाद देताना शार्लट समोर आली आणि त्यांचा आवाज बंद पडला. हातपाय कापू लागले. सगळं गाव बघत होतं, बायका डोळे पुसत होत्या. गावाने वर्गणी काढून त्यांना सोन्याचं घड्याळ दिलं. निरोपाच्या आदल्या संध्याकाळी ते घरी कागदपत्रं द्यायला आले. शार्लट वडिलांसमोर भेटली नाही. पण बराच वेळ झाला तरी फाटक वाजलं नाही म्हणून ती बाहेर गेली, तर बागेच्या दाराला टेकून ते हुंदके देत उभे होते. बायकासुद्धा असं रडत नाहीत, असं तिला वाटलं. आशा देणारं ती काही बोलली नाही.

त्यानंतर चोरून पत्रं सुरू झाली. ३७ वर्षांची लेखिका आणि चोरून पत्रं! काही महिन्यांनी मनावर ओझं येऊन तिनेच वडिलांना सांगून टाकलं, आणि त्या माणसाची नीट ओळख करून घेण्याची परवानगी मागितली. यावेळी ती मागे हटली नाही. जानेवारी १८५४ मध्ये निकोल्स जवळच्या गावी येऊन राहिले, बर्फाळ वाटेवर दोघं भेटू लागले. एप्रिलमध्ये लग्न ठरलं.

ठरलं ते कसं, हे मात्र आपण बायकांनी नीट वाचावं. शार्लटने वाटाघाटी केल्या, एखाद्या वकिलासारख्या. लग्नानंतर ती घर सोडणार नाही, नवराच या घरी राहायला येईल. म्हणजे आपल्या भाषेत घरजावई. वडिलांची अभ्यासिका, त्यांचा एकांत, त्यांच्या सवयी यांना धक्का लागणार नाही. निकोल्स पुन्हा हॉवर्थचे क्युरेट होतील, म्हणजे वडिलांचं चर्चचं काम उचलतील. म्हाताऱ्याला मुलगी गमवायची नाही, उलट एक मुलगा मिळेल. यावर पॅट्रिक यांचा विरोध हळूहळू मऊ झाला.

दुसरी गोष्ट पैशाची. त्या काळच्या इंग्लंडच्या कायद्याने लग्न झालं की बायकोची रोकड, मिळकत, पुढे लिहून मिळवलेला पैसासुद्धा नवऱ्याचा. हा कायदा बदलायला १८७० आणि १८८२ साल उजाडावं लागलं. शार्लटने लग्नाआधी, मे महिन्यात, रीतसर करारपत्र केलं. तिची सुमारे १६७८ पौंडांची पुंजी एका विश्वस्ताच्या ताब्यात, फक्त तिच्या वापरासाठी. मूलबाळ न होता ती आधी गेली तर पैसा वडिलांना. नवऱ्याला काही नाही. आणि निकोल्स यांनी त्याला मान्यता दिली. ज्याच्यावर गावात कुजबुज होती की पैशावर डोळा आहे, त्या माणसाने! आमच्या बचत गटात मी मुलींच्या आयांना विचारते, स्त्रीधनाची यादी केलीत का, तिच्या नावाचं पासबुक तिच्याकडेच आहे का? तर त्या म्हणतात, ताई, लग्नाआधीच अविश्वास कसा दाखवायचा? मला वाटतं करार झाला म्हणजे अविश्वास होत नाही. या दोघांचं बघा की.

तयारी अगदी जेवढ्यास तेवढी. जेवणघरामागच्या अडगळीच्या खोलीला तिने निकोल्ससाठी अभ्यासिकेचं रूप दिलं, हिरव्या-पांढऱ्या कागदाने भिंती मढवल्या आणि त्याला शोभणारे पडदे स्वतः शिवले. कपडे मोजके आणि पुढे वापरता येतील असेच घ्यायचे. लग्नासाठी पांढरं मात्र घ्यावं लागलं. राणी व्हिक्टोरियाने १८४० मध्ये पांढऱ्या पोशाखात लग्न केल्यापासून ती रीत रुळत चाललेली. तर तेही तिने स्वस्तातलंच कापड घेतलं आणि चाळिशीला आलेल्या आपल्याला हे पांढरं शोभेल का, म्हणून जरा ओशाळलीसुद्धा. पत्रिका म्हणजे नुसती लग्न झाल्याचं कळवणारी कार्डं. तिची यादी लहान, निकोल्स यांच्या धर्मगुरू मित्रांची लांबलचक. आणि तारीख गावात फुटू द्यायची नाही. बघ्यांची गर्दी तिला नको होती. त्यासाठीच सकाळची आठची वेळ.

पाहुण्या दोनच, एलन आणि वूलरबाई. एलनचा खरं तर या लग्नाला विरोध होता. दोघींनी एकत्र म्हातारपण काढायचं हे तिने मनात धरलेलं असावं. मधले कितीतरी महिने अबोला होता, वूलरबाईंच्या मध्यस्थीने तो मिटला. दोघी आदल्या दिवशी आल्या. सामान बांधून झालं, दुसऱ्या दिवशीचा नाश्ता लावून झाला, सगळे झोपायला निघाले. आणि पॅट्रिक यांनी जाहीर केलं, मी उद्या चर्चमध्ये येणार नाही.

कल्पना करा त्या रात्रीची! ख्रिस्ती लग्नात वडील मुलीला वराच्या हाती देतात, आपल्या कन्यादानासारखं. आता कोण देणार? काका-मामा जवळ कुणी नाही, भाऊ कबरीत. कुणी आकांत केल्याची मात्र नोंद नाही. या बायकांनी काय केलं, तर प्रार्थनेचं पुस्तक काढलं आणि नियम वाचला. त्यात लिहिलं होतं की धर्मगुरूने वधूला तिच्या वडिलांच्या किंवा हितचिंतकाच्या हातून स्वीकारावं. हितचिंतक पुरुषच हवा असं कुठेही म्हटलेलं नाही! झालं. वूलरबाई म्हणाल्या, मी देते.

साठी ओलांडलेली, स्वतः कधी लग्न न केलेली शाळेची बाई, आपल्या जुन्या विद्यार्थिनीचं कन्यादान करायला उभी राहिली. मला या सगळ्या गोष्टीत हा प्रसंग सर्वांत आवडतो. आजही आपल्याकडे विधवा आईला मुलीचं कन्यादान करू देत नाहीत, दूरच्या कुणा काका-काकूंना पाटावर बसवतात. एक आई मी पाहिली आहे, जिने एकटीने मुलगी वाढवली, इंजिनीअर केली आणि लग्नाच्या दिवशी मागच्या खुर्चीत बसून राहिली. तेव्हा कुणी पोथी उघडून बघत नाही की नेमकं लिहिलंय तरी काय.

सकाळी गावातल्या एका मुलाला टेहळणीला पाठवलं होतं, नवरदेव आणि धर्मगुरू चढावर दिसले की कळव म्हणून. सटक्लिफ सोडन या निकोल्स यांच्या मित्राने लग्न लावलं. एलन करवली. शार्लटच्या अंगावर भरतकामाची पांढरी मलमल, वर लेसची झूल, डोक्यावर पांढरं बॉनेट आणि त्याला हिरव्या पानांची किनार. ज्यांनी पाहिलं त्या गावकऱ्यांना ती बर्फातून डोकावणाऱ्या चिमुकल्या पांढऱ्या फुलासारखी दिसली. अर्ध्या-पाऊण तासात सगळं आटोपलं, घरी नाश्ता झाला आणि जोडपं गाडीतून स्टेशनकडे निघालं. गाव नीट जागं होऊन कुजबुजेपर्यंत नवरी निघूनही गेली होती.

मधुचंद्र आधी वेल्समध्ये, मग आयर्लंडमध्ये. तिथे बॅनाहर या गावी तिने नवऱ्याचं घर पाहिलं आणि चकित झाली. ज्या मामांकडे निकोल्स वाढले त्यांचं घर मोठं, मामेभावंडं सुशिक्षित, आणि सगळे आर्थरबद्दल मायेने बोलणारे. हॉवर्थमध्ये शंभर पौंडांचा क्युरेट म्हणून हिणवलेल्या माणसाने आठ वर्षांत याची फुशारकी कधी मारली नव्हती. पुढे समुद्रकाठी किल्कीला उंच कड्यावर अटलांटिकच्या लाटा बघत तिला गप्प बसायचं होतं. त्याने तिला शालीत गुंडाळून बसवलं आणि स्वतः न बोलता जवळ राहिला. मला तरी वाटतं, हिचं प्रेम तिथे सुरू झालं. किलार्नीजवळच्या खिंडीत घोडा बुजून ती खाली पडली, टापा आजूबाजूला आपटल्या, पण खरचटलंसुद्धा नाही.

परतल्यावर गावाला चहापान दिलं, सुमारे पाचशे माणसं शाळेत जमली. म्हणजे लग्न गुपचूप आणि जेवणावळ नंतर! वडिलांची तब्येत सुधारली, चर्चची जबाबदारी जावयाने उचलली. शार्लटची पत्रं बदलली. आपला वेळ आता आपला राहिला नाही, हे ती सांगते आणि त्यात तक्रार किती नि लाडिक अभिमान किती ते ओळखणं कठीण. लेखन मागे पडलं, हे खरं. ‘एमा’ नावाच्या कादंबरीची सुरुवात तिने एका संध्याकाळी नवऱ्याला वाचून दाखवली, ती तेवढीच राहिली. काही अभ्यासक निकोल्स यांना यासाठी दोष देतात. मला तो थोडा घाईचा वाटतो, कारण संसार मिळालाच केवढा? नऊ महिने.

एक गोष्ट मात्र निकोल्स यांची मला पटत नाही. बायको मैत्रिणीला मोकळेपणाने लिहिते ही त्यांना काळजी. पत्रं वाचून जाळून टाकीन असं वचन त्यांनी एलनकडे मागितलं. एलनने अटी घालून दिलं आणि एकही पत्र जाळलं नाही. शेकडो पत्रं तिने जपली. आज मी तुम्हाला ही टकटक, ते फाटकाजवळचे हुंदके, ते पांढरं कापड सांगते आहे, ते बहुतेक त्या न जाळलेल्या पत्रांमुळेच.

जानेवारी १८५५ मध्ये शार्लटला मळमळ सुरू झाली. दिवस गेले असावेत. उलट्या थांबेनात, अन्न नाही, पाणी ठरेना. ब्रॅडफर्डहून आलेल्या डॉक्टरांना जिवाला धोका वाटला नाही. फेब्रुवारीत अंथरुणावरूनच तिने नवं मृत्युपत्र केलं. जे करारात नवऱ्याला मिळणार नव्हतं ते सगळं आता नवऱ्याला. आठ महिन्यांत त्या माणसाने मिळवलेला विश्वास त्या एका कागदावर दिसतो. ३१ मार्चला पहाटेपूर्वी ती गेली. एकोणचाळिसावा वाढदिवस तीन आठवड्यांवर होता. दाखल्यावर क्षय लिहिला, पण गरोदरपणातल्या अतिरेकी उलट्यांनी शरीर कोरडं पडून ती गेली असं आज बरेच जण मानतात. आज यावर सलाइन आहे, औषधं आहेत. म्हणून आमच्या आशाताई घरोघरी सांगत असतात, पहिल्या महिन्यांत उलट्या होतातच म्हणून सोडून देऊ नका, पाणीही ठरत नसेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

ज्या सोडन यांनी लग्न लावलं त्यांनीच अंत्यविधी केला. तिला ज्या चर्चमध्ये पुरलं ते १८७९ नंतर पाडून नवं बांधलं, जुन्यातला मनोरा तेवढा उरला. लग्नातलं पांढरं बॉनेट मात्र तिच्या घरी, आताच्या संग्रहालयात आहे.

आणि निकोल्स? ते निघून गेले नाहीत. ज्या सासऱ्याने त्यांचा अपमान केला, त्यांच्याजवळ ते आणखी सहा वर्षं राहिले. दोघं एकाच घरात, मधे शार्लट नाही. १८६१ मध्ये पॅट्रिक ८४ व्या वर्षी गेले. हॉवर्थची जागा निकोल्स यांना मिळाली नाही, तेव्हा ते बॅनाहरला परतले, धर्मगुरूपण सोडून शेती करू लागले. १८६४ मध्ये त्यांनी मामेबहीण मेरी अ‍ॅना हिच्याशी लग्न केलं. तिला पूर्ण माहीत होतं की नवऱ्याचं मन कुठे आहे. शार्लटचं चित्र तिच्या दिवाणखान्याच्या भिंतीवर कायम राहिलं. १९०६ मध्ये निकोल्स गेले, तेव्हा शवपेटी घराबाहेर नेण्याआधी तिने ती त्या चित्राखाली ठेवायला लावली.